शाळा सुटल्यानंतर

छत्तीसगडमधील भिलाई शहरात स्मृति नगर नावाची एक वसाहत आहे. वसाहतींना नावे देताना अर्थाचा विचार होतोच असे नाही. तथापि नित्य गीता वाचणारा मनुष्य हे नाव ऐकून क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. गीतेत स्मृति हा शब्द अनेक ठिकाणी आला असला, तरी त्यातील दोन ठिकाणे विशेष मननीय आहेत. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याच्या अधःपाताची परंपरा सांगितली आहे: विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश. पुढे अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन म्हणतो की, मोह गेला, स्मृति परत मिळाली. येथे स्मृति म्हणजे पाठांतर नव्हे. आपण कोण आणि आपले कर्तव्य काय, याचे जागे भान म्हणजे स्मृति.

आता या परंपरेची पहिली पायरी बारकाईने पाहावी. तेथे दुष्कर्म नाही, कुसंगतीही नाही. तेथे केवळ चिंतन आहे. म्हणजे ऱ्हासाचा आरंभ मोकळ्या बसलेल्या मनात होतो. वैशाखात भिलाईचे ऊन असे असते की दुपारी अंगणात चिटपाखरू दिसत नाही. शाळांना सुटी लागलेली असते. वडील कारखान्याच्या पाळीवर, आई कचेरीत किंवा घरकामात. आणि बारा वर्षांचे मूल दार लावून मोबाईल हाती घेऊन बसलेले. घरची माणसे म्हणतात, मूल रिकामे आहे. परंतु तिसरा अध्याय सांगतो की कोणताही प्राणी क्षणभरसुद्धा कर्मावाचून राहत नाही. हात रिकामे असतील, मन रिकामे नसते. घराने त्याला काम दिले नाही, तर बाजार देतो, आणि बाजाराला मुलाच्या स्मृतीशी काही कर्तव्य नाही.

यात आईबापांना दोष देण्याचे कारण नाही. भिलाई हे शहरच मुळी कारखान्याच्या भोवती वसले. १९५५ साली सोव्हिएत देशाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भारताच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे पोट भरावयास आली. आजी, काका, मावशी गावी राहिल्या. जुन्या एकत्र कुटुंबात मुलाची दुपार कोणा ना कोणा वडीलधाऱ्याच्या दृष्टीखाली जात असे. ती दृष्टी गावातच राहिली. जे एकेका घराला आता शक्य नाही, ते दहा घरांनी मिळून करावयाचे, एवढाच शाळेबाहेरच्या वर्गांचा आणि उन्हाळी शिबिरांचा अर्थ आहे. भिलाई पोलाद कारखान्यातर्फे उन्हाळ्यात मुलांसाठी क्रीडाशिबिरे भरत आली आहेत, ती या दृष्टीने फार मोलाची होत. पहाटे उठून मैदानावर जाणारे मूल युक्त आहार-विहाराचा सहावा अध्याय न वाचताच आचरीत असते.

मात्र सर्वच वर्गांना ही प्रशंसा लागू पडत नाही. भिलाईची ख्याती अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठीही आहे, आणि पुष्कळ घरी उन्हाळी वर्ग म्हणजे त्याच परीक्षेची आणखी एक शिकवणी असे समीकरण झाले आहे. विद्या मिळवू नये असे कोण म्हणेल? परंतु फळावरच डोळा ठेवून केलेले कर्म बांधते, हा नियम काही वयात आल्यावरच लागू होतो असे नाही. ज्या मुलाला गुणांवाचून आपली दुसरी ओळख ठाऊक नाही, त्याचे गुण एका वर्षी घसरले म्हणजे ते कोण उरते? स्मृतिभ्रंश याहून निराळा तो काय असणार!

याच छत्तीसगडातील एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. १८७७ साली कलकत्त्याचे विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास राहिले आणि आपले कुटुंबही त्यांनी तेथे आणिले. ज्येष्ठ पुत्र नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. रायपुरात त्याच्यासाठी योग्य शाळा नव्हती. सुमारे दोन वर्षे मुलाची सगळी वेळ मोकळीच होती. पण ती वडिलांनी वाया जाऊ दिली नाही. विद्वान मंडळी घरी येत, चर्चा चाले, आणि त्या चर्चेत मुलालाही बोलू दिले जाई. हाच नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला. शाळा नव्हती, पण संगत होती.

दुसरे उदाहरण खानदेशातले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली, हे बहुतेकांस माहीत आहे. त्यापूर्वी १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळीत असत. वर्गातले त्यांचे शिकवणे चांगले होतेच. पण मुले त्यांची झाली ती छात्रालयात. मुलांची अंथरुणे ते स्वतः घडी करून ठेवीत, आजाऱ्याजवळ बसत, आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. मुलांना लाज वाटून ती आपली कामे आपणच करू लागली. श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील तत्त्व तेथे व्याख्यानावाचून शिकविले गेले.

मग स्मृति नगरासारख्या वसाहतीत हे कोणी करावे? भट्टीवर आयुष्य घालविलेला निवृत्त कामगार लोखंड कसे वितळते हे मुलांना सांगू शकेल. सुईदोऱ्याचे काम जाणणारी आजी तेच शिकवील. कॉलेजातील तरुण लहानांची गणिते पाहील. मंदिराचा सभामंडप सायंकाळी दोन तास उघडा ठेवावा, एवढेच भांडवल. यज्ञचक्राच्या प्रकरणी भगवंतांनी देव आणि मानव यांनी एकमेकांचे पोषण करावे असे म्हटले आहे. येथेही वृद्ध केवळ देणारा नसतो. संध्याकाळी आपली वाट पाहणारी दहा मुले आहेत, हे कळल्यावर निवृत्तीनंतर खुर्चीत खचलेला मनुष्य पुन्हा उठून दाढी करू लागतो. तरुणाला जबाबदारी मिळते. आणि पाच वर्षे समोरासमोर राहून नावे ठाऊक नसलेली घरे मुलांच्या निमित्ताने बोलू लागतात.

एक गोष्ट मात्र आरंभीच ठरवून टाकावी लागेल. वसाहतीत भांडी घासावयास येणाऱ्या बाईचा मुलगा त्याच वेळी फाटकाशी आईची वाट पाहत उभा असतो. त्याला त्या मंडपात जागा आहे की नाही? पाचव्या अध्यायातील समदर्शनावर घरोघरी प्रवचने होतात. ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान ही नावे सर्वांना पाठ आहेत. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या मुलाचे नाव किती घरांना ठाऊक आहे? वर्ग सुरू करावयाचा असेल त्या दिवशी प्रथम फाटकापर्यंत जावे, त्याचे नाव विचारावे, आणि पहिल्या सतरंजीवर त्याला बसवावे.