वचन आणि दळण

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गाव गोदावरीच्या काठी वसलेले आहे. संत जनाबाईचे हे जन्मस्थान. ह्या गावाचे नाव निघाले की एक जुना प्रश्न मनात उभा राहतो. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या अनन्य भक्तांचा योगक्षेम स्वतः वाहण्याचे वचन दिले आहे. योग म्हणजे न मिळालेल्याची प्राप्ती व क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण, असा आचार्यांनी त्याचा अर्थ केला आहे. मग ज्या वर्षी आभाळ कोरडे राहते, पदरी काही पडत नाही व होते तेही हातचे जाते, त्या वर्षी भक्ताने ह्या वचनाचे काय करावे?

दोन उत्तरे सहज सुचतात. एक, हातपाय न हलविता वाट पाहावी. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण अशाच मनुष्याची थट्टा करते. दुसरे, मुदत टळली तेव्हा वचनच खोटे मानून सोडून द्यावे. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. दोघेही ईश्वराच्या वचनास हुंडी मानतात. एक ती वटण्याची वाट पाहत बसतो, दुसरा ती वटली नाही म्हणून फाडून टाकतो.

जनाबाईने तिसरी वाट दाखविली. लहानपणीच ती पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि तेथे दासी म्हणूनच तिने जन्म काढला. तिच्याबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, ही कथा घरोघर सांगितली जाते. त्यातील चमत्कार कोणी मानो वा न मानो. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. देव आला म्हणून जाते थांबले नाही, की दळण आपोआप सरले नाही. खुंट्यावर जनाबाईच्या हाताशेजारी आणखी एक हात आला, इतकेच. ओझे तसेच राहील, पण ते एकटीने वाहावे लागणार नाही, असा वचनाचा अर्थ ह्या कथेने लावला आहे. आणि तो दुसरा हात तिला भेटला तो दळता दळता. तथापि तिचे हे आज्ञापालन मुके नव्हते. विठ्ठलास प्रसंगी खडे बोल सुनावण्यासही तिने कमी केले नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोण भांडतो?

परंतु दळावयास धान्यच नसेल तर? हा आक्षेप खरा आहे, आणि तुकोबांच्या आयुष्यात तो अक्षरशः उभा राहिला. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी व मुलगा गेले. त्या वेळी दुसरा हात कोठे होता? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याजवळ तयार असते, त्यांच्याविषयी मला संशय वाटतो. तुकोबांनी पुढे काय केले तेवढे पाहावे. देहूचे पडके देऊळ त्यांनी दुरुस्त केले, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे येणे रकमांच्या कागदांपैकी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडविले. ज्याचे स्वतःचे क्षेम हरपले, त्याने ऋणकोंचे क्षेम राखले. कर्जाच्या ओझ्याखाली ज्या मराठवाड्यात शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत, तेथे ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही.

श्रद्धेची कसोटी येथेच लागते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बायामाणसे उन्हात खडी फोडीत होती व परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन दिवस काढीत होती. भरल्या कणगीजवळ बसून अशांस 'देवावर भरवसा ठेवा' असे सांगणे ही निष्ठुरता होय. धीर स्वतः धरावा. दुसऱ्यास तो द्यावयाचा तर भाकरीसह द्यावा. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजनेने बाळसे धरले आणि १९७७ साली तिचा कायदा संमत झाला. मागेल त्यास काम मिळेल, हे माणसांनी माणसांस दिलेले वचन होते. त्यात देवाचे नाव कोठे नव्हते. तरी खुंट्यावरील दुसरा हात, मला वाटते, असाच दिसत असावा.

परभणीच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पेरतात ती पावसाळा सरता सरता. पुढे पाऊस येईलच असा भरवसा नसतो. जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच ते पीक यावयाचे असते. शेतकरी वापसा पाहतो आणि तिफण जुंपतो. काही वर्षी हाती काहीच लागत नाही, हे त्यास कोणी शिकवावयास नको. तरी तो पेरतो, कारण पेरणी त्याच्या हातची आहे. ईश्वराच्या वचनावर विश्वास ठेवणाऱ्यासही उद्याचे ज्ञान नसते. आज आपल्या वाट्यास आलेले दळण त्याने टाकू नये, आणि शेजारच्या जात्यावर हात कमी पडत असेल तर उठून तेथे जाऊन बसावे.