सावतोबांचा मळा आणि वारीची वाट

वारकरी मंडळींनो, आषाढीचा सोहळा संपतो, काला होतो, दिंड्या माघारी फिरतात. सारा महाराष्ट्र देवाला भेटून गेलेला असतो. मग देवाची पाळी येते. पंढरीहून पांडुरंगाची पालखी निघते आणि माढा तालुक्यातील अरण या गावी जाते. आषाढ वद्य चतुर्दशी ही सावता महाराजांची पुण्यतिथी. एरवी भक्त देवाकडे जातात, येथे देव भक्ताच्या मळ्याकडे येतो. हा मान कशाबद्दल मिळाला, याचा आज थोडा विचार करू.

सावतोबांचे आजोबा दैवू माळी हे पंढरीचे वारकरी. घरात माळ होती, भजन होते. शके ११७२ मध्ये सावतोबांचा जन्म झाला आणि शके १२१७ मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे ते ज्ञानोबा-नामदेवांच्या काळचे. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले, आणि तेही थोडेच. परंतु या थोड्या वाणीत सारा मळा आला आहे. भाजीच्या वाफ्यात आणि पाणी काढण्याच्या अवजारांत त्यांनी पांडुरंग पाहिला. कथा सांगतात की, नामदेवांना चुकवून देव पळाला आणि लपायला जागा शोधीत सावतोबांच्या मळ्यात शिरला. सावतोबांनी खुरप्याने आपले पोट चिरून त्याला आत लपविले. कथेचे मर्म पाहा. देवाला लपायला राजवाडा आठवला नाही, मठ आठवला नाही. चिखलाने भरलेल्या हातांचा एक माळी आठवला.

यातून सिद्धांत असा निघतो की, झाड लावणे, त्याला पाणी घालणे, माती राखणे हे भजनाच्या आड येत नाही. भाव असेल तर तेच भजन होते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी आपल्या वाट्याचे काम चोख करणे ही ईश्वराची पूजा ठरविली आहे. सावतोबांनी ती पूजा हातात खुरपे घेऊन करून दाखविली.

येथे कोणी शंका घेईल. "महाराज, आमचे काम नाम घेणे. झाडे, नद्या, माती हे सरकारने पाहावे. वारीत ही उठाठेव कशाला?" शंका खोटी नाही, म्हणून समाधान नीट ऐका. नाम घ्यायला जीभ लागते, जिभेला पाणी लागते. वारीला पाय लागतात, पायांना वाट लागते, वाटेला सावली लागते. चंद्रभागेत स्नान करायचे तर चंद्रभागेत पाणी पाहिजे, आणि ते स्नान करण्याजोगे पाहिजे. ज्या गोष्टींवर आपला सारा नेम उभा आहे, त्या राखणे नेमाच्या बाहेरचे कसे? देवळाच्या गाभाऱ्यात झाडू मारणाऱ्याला कोणी विचारीत नाही की, तू भजन सोडून हे काय करतोस?

आता दृष्टांत पाहू. पहिला दृष्टांत आपल्या पूर्वजांचा. सह्याद्रीच्या कुशीत गावोगाव देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेले रान, ज्यातील काटकी मोडायची नाही असा दंडक. पुस्तक न वाचलेल्या माणसांनी तो पिढ्यान् पिढ्या पाळला. त्या रायांत झरे टिकले, औषधी टिकल्या, इतरत्र न दिसणारी झाडे टिकली. तेथे पहारेकरी नव्हता. देवाचा धाक होता आणि गावाची मर्यादा होती. ज्या गावांत हा धाक सुटला, तेथे कुऱ्हाड शिरायला वेळ लागला नाही. तात्पर्य, नियम कागदावर असून भागत नाही, तो मनात असावा लागतो.

दुसरा दृष्टांत नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचा. पाऊस बेताचा, सालाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाने गाव खचले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे पोट भरायला बाहेर गेली, मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे माजली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने हळूहळू कूस बदलली. लोकांनी श्रमदान केले. डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, ओढ्यांना बांध घातले, झाडे लावली. एवढे पुष्कळ गावे करतात. हिवरे बाजारचे खरे मोठेपण पुढे आहे. गावाने आपल्या हातांना मर्यादा घातली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी केली. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, आणि फार पाणी पिणारी ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, असे ठरविले. दरसाल पाऊस किती पडला ते मोजायचे, गावात पाणी किती आहे त्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आणि त्या हिशेबाने पिके ठरवायची.

मंडळी, ही पाण्याची एकादशी आहे! आपण एकादशीला अन्न असून खात नाही. का? भूक नाही म्हणून नव्हे, भूक आपली धनीण होऊ नये म्हणून. या गावाने जमिनीच्या पोटात पाणी असूनही ते वाटेल तसे उपसले नाही. ज्याला उपवास कळतो त्याला हे समजावून सांगणे नलगे. बांध घालणे हे निम्मे काम, हात आवरणे हे उरलेले निम्मे. पुष्कळ ठिकाणी पहिले होते, दुसरे राहते, आणि चार वर्षांनी विहिरी पुन्हा कोरड्या पडतात. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. परंतु तो मान ग्रामसभेत बसून स्वतःच्या उसावर पाणी सोडणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचाही आहे.

तिसरा दृष्टांत एका माउलीचा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. बाजारच्या बियाण्याने जुनी वाणे मागे पडत चालली, तेव्हा त्यांनी घेवडा, वाल, भात, वेलभाज्या यांचे गावठी बी जमविले, परसात लावून वाढविले, आणि शेजारणींना वाटले. बायफ या संस्थेने त्यांना साथ दिली, बचतगटाच्या बाया जोडल्या गेल्या, घरात बियाणे बँक उभी राहिली. त्यांनाही २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

आपल्या संप्रदायात बीज या शब्दाला फार किंमत आहे. गुरूने कानात सांगितलेले नाम हे बीज. ते शुद्ध असावे लागते, आणि दरसाल नव्याने विकत आणावे लागत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि वाढते. गावठी बियाण्याचेही तसेच आहे. या वर्षीच्या दोडक्यातला एक दोडका वेलावरच वाळू दिला, तर पुढच्या वर्षीची चिंता मिटते. राखेत घोळून मडक्यात बी ठेवण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. ज्या घरात ती रीत मोडली, त्या घरची परंपरा एका कडीने तुटली असे समजावे.

आता आपल्याच वाटेकडे पाहू. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. पंढरीपर्यंत सुमारे १८ दिवस. दोनशे माणसांची एक दिंडी धरा. प्रत्येकाने दिवसातून दोनदा फेकायच्या पेल्यातून चहा घेतला, तर १८ दिवसांत ७,२०० पेले होतात. ही एका लहान दिंडीची, आणि नुसत्या चहाची गोष्ट झाली. पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. मार्च २०१८ मध्ये राज्याने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. पण माळकऱ्याला सरकारी बंदीची गरज का पडावी? पूर्वीच्या पिशवीत स्वतःचा तांब्या, स्वतःची ताटली असे, आणि पळसाच्या पानांची पत्रावळ जेवून झाली की गुरांच्या पोटात किंवा उकिरड्यावर जाई. पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या गावची बाई आपले शेत झाडायला निघते, तेव्हा तिच्या तोंडून विठ्ठलाचे नाव यावे की उसासा, हे आपल्या वागण्यावर आहे. गेल्या काही वर्षांत मुक्कामांवर फिरती शौचालये आली, स्वयंसेवक उभे राहिले, त्यांनी पुष्कळ फरक पडला. त्यांना नमस्कार. परंतु घाण करणारा भक्त आणि झाडणारा सेवक असे दोन वर्ग वारीत कधी नव्हते, आणि नसावेत.

नद्यांचे दुःख तर सांगवत नाही. आळंदीच्या इंद्रायणीवर अलीकडे पांढरा फेस तरंगताना लोकांनी वेळोवेळी पाहिला. तो फेस साबणासारख्या रसायनांचा आणि न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा. इंद्रायणी भीमेला मिळते, पुण्याची मुळा-मुठाही भीमेलाच मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. आळंदीला नदीत जे टाकले, ते पंढरीच्याच दिशेने चालू लागते. जणू तीही एक वारीच, पण कसली! मोठ्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिकांचे व कारखान्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र हा हक्क मागणाऱ्याच्या हातात निर्माल्याची प्लॅस्टिक पिशवी नसावी.

आणि सावली? नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. रस्ता रुंद झाला, चालणाऱ्यांची सोय पाहिली गेली. पण रुंदीकरणात जुनी वड-चिंचेची झाडे पडली. ज्या सावलीत दुपारचा विसावा होई, तेथे आता ऊन आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची समता सांगताना माउलींनी झाडाचाच दाखला दिला आहे. झाड वैऱ्याला आणि पोसणाऱ्याला सावली देताना भेद करीत नाही. खरे आहे, झाड हिशेब ठेवीत नाही. पण ज्याने सावली घेतली, त्याने तरी ठेवावा की नाही? ज्यांच्या खाली आपण विसावलो ती झाडे लावणारे हात आज नाहीत. आपण आज लावली नाहीत, तर वीस वर्षांनी येणारी म्हातारी माउली पाठीवर ऊन घेऊनच पंढरी गाठील.

तर करावे काय? रोप लावणे सोपे आहे. खड्डा, हार, नारळ, फोटो, टाळ्या झाल्या की झाले. अवघड असतात पुढचे तीन उन्हाळे. आषाढात पालखीबरोबर लावलेले रोप फलटण, नातेपुते, माळशिरस या कमी पावसाच्या टापूत फाल्गुनापर्यंत कसेबसे तगते, आणि चैत्र-वैशाखात पाण्यावाचून जळते. मग पुढच्या आषाढात त्याच खड्ड्यात दुसरे रोप! हा धर्म नव्हे, हा देखावा.

येथे वारीचे खरे बळ उपयोगी पडते. वारी म्हणजे एकदा जाणे नव्हे. पुन्हा पुन्हा येणे म्हणजे वारी. झाडालाही असाच माणूस लागतो, जो पुन्हा येतो. म्हणून प्रत्येक दिंडीने आपल्या मुक्कामाच्या एका गावाशी नाते जोडावे. रोपे शंभर नकोत, अकरा पुरेत. पण वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ अशी आपल्या मातीची असावीत, आणि कमरेएवढी वाढलेली असावीत. खड्डे गावाने वैशाखातच दोन-दोन फूट खणून तापू द्यावेत, त्यात शेणखत घालावे. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. शेजारी एक मातीचे मडके पुरावे, तळाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात ओवावी. आठवड्याला दोनदा मडके भरले तरी मुळांशी ओल राहते. पाणी घालणाऱ्या घराला दिंडीने उन्हाळ्यात काही मदत पोचवावी, नुसता उपदेश पाठवू नये. आणि पुढच्या वर्षी मुक्कामाला आल्यावर हरिपाठाच्या आधी विणेकऱ्यांनी सर्वांसह रोपांना प्रदक्षिणा घालावी आणि मोजावी. अकरातली सात जगली, तर चार का मेली ते विचारावे.

ज्यांना वारी घडत नाही त्यांनी खंती होऊ नये. सावतोबाही मळा सोडून गेले नाहीत. दाराशी तुळस आहेच. तिच्या मंजिऱ्या वाळल्या की चुरगाळून शेजारच्या वाफ्यात टाका, चार रोपे होतील, ती वाटा. न्हाणीचे पाणी गटारात न सोडता अळूला, केळीला द्या. साबण मात्र बेताने वापरा. भाजीची देठे, साली खड्ड्यात कुजवा. एक शेवगा, एक कढीपत्ता, एक भोपळ्याचा वेल एवढे तरी प्रत्येक घरी असावे. शहरात अंगण नसेल, तर खिडकीतली कुंडीही मळाच आहे.

वारीत डोक्यावर तुळशी-वृंदावन घेऊन चालणारी माउली पाहा. स्वतःच्या घशाला कोरड पडली तरी ती आधी तुळशीला पाणी घालते. तिने कोणाचे व्याख्यान ऐकलेले नसते. चालता चालता मळा राखावा कसा, हे तिच्याकडे पाहून शिकावे. ज्याच्या हातून एक झाड तीन उन्हाळे जगले, त्याच्या दारी देव आपण होऊन येतो. अरणची वाट त्याला पाठ आहे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!