धृतराष्ट्राची रात्र

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकलेली असते. खरी भूक लागलेल्याला कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि खरी झोप आलेल्याला उशाशी दगडही पुरतो, हा तिचा सरळ अर्थ. अनुभव म्हणून तो खोटा नाही. परंतु म्हणी केवळ अनुभव सांगून थांबत नाहीत. त्या निवाडाही देतात. मऊ गादीवर, पंख्याखाली पडून रात्रीचे दोन वाजले तरी ज्याचा डोळा लागत नाही, त्याला ही म्हण ऐकवली म्हणजे तिच्यातला निवाडाच तेवढा ऐकू येतो. एक तर तू पुरेसा श्रमला नाहीस, नाही तर तुझ्या मनात काही काळेबेरे आहे. ‘ज्याच्या मनात पाप नाही तो सुखाने झोपतो’ हे वचनही आपण असेच सहज बोलून जातो.

अशा रीतीने जुन्या निद्रानाशाने पीडलेल्या माणसावर दोन ओझी पडतात. एक शरीराचे आणि दुसरे आरोपाचे. पहिले तो कसेबसे वाहतो, दुसऱ्याने वाकतो. मग झोपेची गोळी घेतानाही तो ती चोरून घेतो, गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवतो. जी झोप इतरांना फुकट मिळते ती आपण विकत घेतो, हे त्याला कमीपणाचे वाटते. तेव्हा दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. निद्रा ही सदाचरणाची मजुरी आहे काय? आणि औषधाच्या आधाराने आलेली झोप नैतिकदृष्ट्या उणी ठरते काय?

या प्रश्नांचा विचार आपल्या परंपरेत कोणी केलाच नाही असे नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात ‘प्रजागर’ नावाचे एक उपपर्वच आहे. प्रजागर म्हणजे जागरण. पांडवांकडून परतलेला संजय धृतराष्ट्राची निर्भर्त्सना करतो आणि युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सांगेन, असे म्हणून विश्रांतीसाठी निघून जातो. त्या रात्री वृद्ध राजाला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. झोप कोणाला येत नाही, याची यादीच विदुर त्याच्यापुढे मांडतो. बलवानाने ज्याच्यावर चाल केली आहे असा दुबळा, ज्याचे सर्वस्व हरपले आहे तो, कामी आणि चोर. मग तो राजाला विचारतो, यांपैकी एखादा दोष तर तुम्हाला शिवला नाही ना? परक्याच्या धनाचा लोभ तर धरला नाही ना? पुतण्यांचे राज्य दाबून बसलेल्या माणसाला विचारलेला हा प्रश्न किती नेमका आहे, हे सांगायला नको.

पुढे अध्यायामागून अध्याय विदुर बोलत राहतो. हीच आपली विदुरनीती. ती नीती म्हणून वाचताना आपण हे विसरतो, की एका झोप न येणाऱ्या माणसाला रात्री सांगितलेले ते बोल आहेत. धृतराष्ट्र ते मन लावून ऐकतो. आणि शेवटी काय म्हणतो? तू म्हणतोस ते सर्व खरे, माझी बुद्धीही पांडवांकडेच झुकते; पण दुर्योधनाची गाठ पडली की ती पुन्हा फिरते; दैवच बलवान, पौरुष व्यर्थ. अर्थात त्याला विदुराकडून उपदेश नको होता, उतारा हवा होता. रात्र सरावी एवढीच त्याची मागणी होती. दिवस बदलावा अशी नव्हती. त्याच्या हाती गोळी नव्हती म्हणून त्याने शहाणपणाचीच गोळी करून घेतली.

एवढेच उदाहरण पुढे ठेवले तर मघाचे वचन सिद्ध झाले असे कोणी म्हणेल. पाप होते, म्हणून झोप नव्हती. परंतु व्यासांनी दुसरीही एक रात्र लिहून ठेवली आहे. सौप्तिकपर्वात युद्ध संपल्यावर उरलेले तिघे कौरववीर वडाखाली आश्रय घेतात. कृपाचार्य आणि कृतवर्मा जमिनीवर पडताच झोपी जातात. निजेला धोंडा ही म्हण त्यांना अक्षरशः लागू पडते. अश्वत्थामा मात्र जागा राहतो, घुबडाने कावळ्यांचा केलेला संहार पाहतो आणि त्यातून आपला बेत ठरवतो. कृपाचार्य त्याला परोपरीने सांगतात, आजची रात्र झोप, विसावा घे, सकाळी शत्रूला सामोरा जा. तो उत्तर देतो, की संतापाने पेटलेल्याला झोप कोठून येणार? त्यानंतर शिबिरात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाच पुत्र त्या रात्री मारले गेले. आणि सुखाने झोपलेले कृप व कृतवर्मा शिबिराच्या दारात उभे राहून पळणाऱ्यांना कापत होते.

या दोन रात्री शेजारी ठेवल्या म्हणजे कोणताही सोपा नियम टिकत नाही. कृप व कृतवर्म्याची गाढ झोप त्यांच्या निष्पापपणाची साक्ष देत नाही. शिबिरातील निद्रिस्तांना त्यांच्या झोपेने वाचवले नाही. धृतराष्ट्राने त्या रात्री जागेच राहायला हवे होते. अश्वत्थाम्याला कोणी तरी निजवायला हवे होते. जागणे हे स्वतः पुण्य नव्हे आणि झोपणे हे स्वतः पलायन नव्हे. त्या जागरणाकडून आपण काय मागतो आणि ते आपल्याकडून काय मागते, यावर सारे अवलंबून आहे.

आणि पुष्कळदा, किंबहुना बहुतेक वेळा, जागरण आपल्याकडून काहीच मागत नसते. हे आपल्या वैद्यकाने फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. झोप न येण्याची कारणे सांगताना चरक भय, चिंता आणि क्रोध यांचा उल्लेख करतो. पण तेथेच गैरसोयीची शय्या, कामाचा ताण, वय, रोग, वातप्रकोप आणि मनुष्याची मूळ प्रकृती यांनाही स्थान देतो. वय आणि प्रकृती! ज्या कारणांचा दोष कोणालाही देता येत नाही अशी ही कारणे. उपाय म्हणून तो तैलाभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, अंग चेपणे, मनाला रुचणारे गंध आणि शब्द सांगतो. त्यात प्रायश्चित्त नाही. रोग्याला आरोपी न करण्याचा हा शहाणपणा म्हणीपेक्षा मोठा आहे.

आजचे शास्त्र हीच गोष्ट अधिक बारकाईने सांगते. झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते. एक म्हणजे उजेड-अंधाराच्या तालावर चालणारे शरीरातील घड्याळ. दुसरी म्हणजे जागेपणाच्या तासांबरोबर वाढत जाणारी निद्रेची ओढ. मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते तशी ही ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन त्याचीच वाट अडवते, आणि ते शरीरातून निम्मे उतरण्यासच साधारण पाच तास घेते. परंतु जुन्या निद्रानाशात या दोहोंवर तिसऱ्याच एका गोष्टीची कुरघोडी होते. ती म्हणजे झोपेची चिंता. आज येईल का, न आली तर उद्याचे काम कसे होईल, या विचारानेच शरीर सावध होते. आणि सावध शरीर झोपत नाही. कष्टाळू, कर्तव्यदक्ष माणूस येथे विशेष फसतो. आयुष्यभर प्रयत्नाने सारे मिळवलेले असते. झोपही तो प्रयत्नानेच मिळवू पाहतो, आणि जितका झटतो तितकी ती दूर पळते. आपण स्वेच्छेने करतो तो जागर. कोजागरीचा असो वा देवीचा, त्यात उत्सव आहे. निद्रानाश हा लादलेला असतो. म्हणून अर्जुनाला ‘गुडाकेश’, म्हणजे निद्रेला जिंकणारा, म्हणणाऱ्या परंपरेत या बिचाऱ्याला मात्र कोणतीही पदवी मिळत नाही.

औषधांचा इतिहास पाहिला तर त्यातही हीच घाई दिसते. 1869 मध्ये क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आले. 1903 मध्ये बार्बिटोन आले. त्याच्या कुळातील औषधांनी झोप दिली, सवय लावली आणि मात्रा चुकली तेव्हा प्राणही घेतले. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे निर्धोक झोपेचे औषध म्हणून चिठ्ठीवाचून विकले जाऊ लागले. 1961 च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले गेले, तोपर्यंत जगभर हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती. 1960 नंतर आलेली बेन्झोडायझेपिन गटाची औषधे पुष्कळच सुरक्षित ठरली. परंतु त्यांचीही सवय जडते आणि गाढ निद्रेचा वाटा त्यांनी कमी होतो. त्यानंतरच्या झोल्पिडेमसारख्या औषधांवर 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी ठळक इशारा छापायला लावला, कारण ती घेतलेली काही माणसे झोपेतच चालू लागली, गाडी हाकू लागली.

म्हणून औषध वाईट असे मात्र म्हणता येणार नाही. चष्म्यातून पाहणाऱ्याची दृष्टी उसनी आहे असे आपण म्हणत नाही. शोकाच्या किंवा आजारपणाच्या काही रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली गोळी ही दया आहे. अश्वत्थाम्याला ती मिळती तर पुढचे अनर्थ टळते. ज्यांना गोळीची फार दिवसांची सवय आहे त्यांनी लाजेपोटी ती एकाएकी सोडणे तर धोक्याचेच. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. औषध किती दिवस, किती मात्रेत, कशासाठी, हे प्रश्न हिशेबाचे आहेत, अब्रूचे नव्हेत.

विशेष असे, की जुन्या निद्रानाशावर जो उपाय आज पहिला म्हणून सुचवला जातो तो गोळीचा नाही. 1972 मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी सांगितले, की झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळत पडू नये. उठावे, दुसऱ्या खोलीत शांत बसावे, डोळे जड झाल्यावरच परतावे. 1987 मध्ये आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंथरुणातील वेळच आधी कमी करण्याची पद्धत मांडली. उठण्याची वेळ मात्र रोज एकच. अशा उपचारांना चिंतेच्या विचारांची समजूत घालण्याची जोड देऊन जी पद्धत तयार झाली, तीच प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संस्थेने 2016 मध्ये केली. या पद्धतीचे मर्म पाहिले तर ते असे दिसते: रात्रीवर हुकमत गाजवण्याचा हट्ट सोडावा आणि आपल्या हाती असलेला दिवस तेवढा नीट बांधावा. झोप आणणे आपल्या हाती नाही. सकाळी सहाला उठणे आहे.

येथे पुन्हा धृतराष्ट्राकडे वळावे लागते. कारण त्याने नेमके उलट केले. रात्रीला शांत करण्यासाठी त्याने सर्व काही केले आणि दिवसाला हातही लावला नाही. म्हणून झोप न येणाऱ्या माणसाने स्वतःला विचारायचा नैतिक प्रश्न मला एवढाच वाटतो: या जागरणात मला जे टोचते आहे त्याचे सकाळी करण्यासारखे काही काम आहे काय? रात्री प्रत्येक सावली मोठी दिसते, म्हणून निकाल रात्री लावू नये. ते कागदावर टिपावे आणि उजाडल्यावर वाचावे. कोणाचे देणे बुडवले असेल, कोणाला तोडून बोललो असू, कोणाच्या हक्कावर बसलो असू, तर ते काम त्या दिवशी करावे. तेथे गोळी ही धृतराष्ट्राची दैवाची भाषा होईल. परंतु सकाळच्या उजेडात कागदावर करण्यासारखे काहीच उरले नाही, तर ते जागरण शरीराचे आहे असे निःशंकपणे मानावे, डॉक्टरांकडे जावे, आणि ताप आलेल्या माणसाइतकेच निर्दोष मनाने उपचार घ्यावेत.

उरला प्रश्न आपल्यापैकी ज्यांना उशीवर डोके टेकताच झोप लागते त्यांचा. ते भाग्य आहे, प्रशस्तिपत्र नव्हे. घरातले कोणी रात्री दिवा लावून बसले असेल तर त्याला म्हण ऐकवण्यापेक्षा विदुराची आठवण ठेवावी. राजाचा दोष त्याने झाकला नाही. पण मध्यरात्री निरोप येताच तो आला आणि जागणाऱ्याजवळ बसून राहिला.