शिक्षणावरील खर्च व त्याचें माप

राष्ट्राच्या व्यापारी सामर्थ्याचा विचार करणारे अर्थशास्त्रज्ञ शिक्षणाविषयीं एक प्रश्न वारंवार विचारतात. शाळांवर पैसा किती खर्च होतो एवढेंच पाहून भागत नाहीं. त्या पैशाचें चीज किती होतें, हेंही पाहिलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें आहे. हें म्हणणें आम्हांस सर्वथैव मान्य आहे. सरकारी तिजोरींतील पैसा हातावर पोट असणाऱ्या गरिबाच्या खिशांतूनही आलेला असतो. त्याचा हिशेब मागणें हा धर्मच होय. वादाचा मुद्दा निराळा आहे. हा हिशेब कोणत्या मापानें करावयाचा? माप खोटें असेल, तर हिशेब जितका चोख तितकी फसवणूक मोठी.

इंग्लंडच्या इतिहासांत याचा चांगला दाखला सांपडतो. १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या पुरस्कारानें प्राथमिक शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली अमलांत आली. वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत तपासनिसानें प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावयाची, आणि मूल नापास होईल त्या प्रत्येक विषयामागें शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स कापावयाचे, असा तो व्यवहार होता. शिक्षण कार्यक्षम तरी होईल, नाहीं तर स्वस्त तरी होईल, अशी लो यांची ग्वाही होती. स्वस्त तें खरोखरच झालें. १८६१ मध्यें ८ लक्ष पौंडांच्या वर असलेलें अनुदान १८६५ पर्यंत साडेसहा लक्षांच्या खालीं उतरलें. आमच्या मुंबई इलाख्यानेंही त्या काळीं तेंच वळण गिरविलें.

पण कार्यक्षमतेचें काय झालें? कवि म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे तेव्हां शाळातपासनीस होते. युक्तीनें तयारी करून घेतली, तर ज्याला खरें वाचतां येत नाहीं असें मूलही वाचनाची परीक्षा पार पडतें, असें त्यांनीं अहवालांत नमूद केलें आहे. नेमलेलें पुस्तक पाठ झालें कीं काम भागे. येथें शिक्षकास दोष देणें व्यर्थ आहे. ज्याची भाकरी मुलाच्या उत्तरावर अवलंबून ठेविली, त्याला समोरचें मूल दिसेनासें होतें. २ शिलिंग ८ पेन्सच दिसूं लागतात. पुढें शतकअखेरीस ही पद्धति इंग्लंडनें स्वतःच टाकून दिली.

आतां व्यापाराकडे वळूं. १८५६ सालीं लंडन येथें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणास कृत्रिम जांभळ्या रंगाचा शोध लागला. भांडवल, कोळसा, कापडाच्या गिरण्या, सर्व कांहीं इंग्लंडांतच होतें. तरीही शतक संपण्यापूर्वींच हा धंदा जर्मनीच्या हातीं गेला. कारणें अनेक असतील, पेटंटचे कायदेही त्यांत येतील; परंतु जर्मन संस्थानांनीं आपल्या विद्यापीठांतील रसायनशाळांवर वर्षानुवर्षें केलेला खर्च हें त्यांतील एक मोठें कारण होय. १८९७ मध्यें जर्मनीच्या बीएएसएफ कारखान्यानें कृत्रिम नीळ बाजारांत आणली, आणि तिच्यापुढें बंगाल-बिहारांतील निळीची शेती थोड्याच वर्षांत बसली.

कोणी म्हणेल, एकीकडे प्राथमिक शाळा आणि दुसरीकडे विद्यापीठ. ही तुलना कशी शोभेल? आमचें उत्तर असें कीं, पायऱ्या निराळ्या असल्या तरी तत्त्व एकच आहे. वर्षअखेरीस मोजून दाखवितां येईल तेवढेंच फळ, असें ज्यानें ठरविलें, त्याला त्या रसायनशाळा उधळपट्टीच वाटल्या असत्या.

यावरून खर्चाची झडती घेऊंच नये, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. २०२४ च्या 'असर' पाहणींत आपल्या देशाच्या ग्रामीण भागांतील पांचवीच्या मुलांपैकीं निम्म्याहून कांहीं कमीच मुलांना दुसरीचा उतारा वाचतां आला. इमारत उभी आहे, हजेरीपट भरलेला आहे, पगार निघतो आहे, आणि मुलाला वाचतां येत नाहीं. याहून मोठा अपव्यय कोणता? परंतु ही पाहणी खरें सांगूं शकते, याचें कारण ध्यानांत घ्यावें. ती मुलाच्या घरीं जाऊन केली जाते, आणि तिच्या निकालावर कोणा शाळेचें अनुदान लटकत नाहीं. वैद्य नाडी पाहतो ती रोग कळावा म्हणून. रोग्यास दंड करावा म्हणून नव्हे. उद्यां ज्वरामागें दंड बसूं लागला, तर रोगी आपला ज्वर लपवूं लागेल.

वायां गेलेला रुपया सरकार पुढील वर्षीं पुन्हां उभा करील; मुलाचीं वायां गेलेलीं वर्षें कोणत्याही अंदाजपत्रकांत परत येत नाहींत. म्हणून शिक्षणाच्या जमाखर्चांत पहिला धनको तें मूल होय, राष्ट्राचा व्यापार नव्हे. त्याचें देणें प्रामाणिकपणें फेडलें, स्वतःच्या बुद्धीनें वाचण्याची, विचार करण्याची, नवें शोधण्याची शक्ति त्याला दिली, तर व्यापाराचें देणें बहुधा त्याबरोबरच फिटतें. उलट, व्यापाराच्या चढाओढीसाठीं मुलाला केवळ साधन लेखिलें, तर दोघांचेंही देणें अंगावर राहतें.