आवडीची साक्ष

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतला बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांत आटोपतो. पहिल्या चार-पाच मिनिटांत घर, काम, शिक्षण, छंद असे ओळखीचे विषय निघतात आणि त्यांत संगीताचा प्रश्न नेहमीचाच: कोणते संगीत आवडते, केव्हा ऐकता, लहानपणी काय ऐकत होतात? परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तयारी करणाऱ्यांना या प्रश्नाबाबत एक सल्ला हमखास मिळतो. खरे काय ते आठवत बसू नका, ज्याचे इंग्रजी तोंडात बसले आहे ते सांगा; परीक्षक तुमची आवड तपासत नाही, भाषा तपासतो. सल्ल्याचा दुसरा भाग अगदी खरा आहे. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखे गुण असतात. उत्तराच्या खरेपणासाठी रकाना नाही. मग अभंग ऐकत वाढलेल्या मुलीने सरावात आणि परीक्षेत ‘मला पॉप संगीत आवडते’ असे सांगितले, तर कोणाचे काय बिघडले? माझ्या मते परीक्षकाचे काही बिघडत नाही, बिघडते ते त्या मुलीचे. आणि ते का, हे नीट पाहायचे तर खोटे बोलण्यातला दोष नेमका कुठे असतो या जुन्या प्रश्नापाशी जावे लागते.

खोट्याचा दोष ऐकणाऱ्याच्या फसवणुकीत आहे असे मानले, तर या मुलीला निर्दोष ठरवणे सोपे आहे. संत ऑगस्टीनने खोटेपणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि या बाबतीत तो फार कडक होता. तरीही थट्टेत बोललेले त्याने खोट्यात धरले नाही, कारण बोलणाऱ्याच्या सुरावरूनच फसवण्याचा हेतू नसल्याचे कळते. परीक्षेतले बोलणेही असेच मानावे, असे कोणी म्हणेल. नाटकातला नट स्वतःला राजा म्हणवतो तेव्हा त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला बराचसा भाग मी मान्य करतो. पण नटाचे सोंग प्रेक्षकाला ठाऊक असते आणि नटालाही ते सोंग म्हणूनच वठवायचे असते. परीक्षेत प्रश्न ‘तुम्हाला’ विचारलेला असतो, उत्तर ‘मला’ असे म्हणून दिले जाते आणि पुढचा प्रश्न त्या उत्तराला धरून येतो. सोंग आहे हे एकालाच माहीत असते, आणि ते उघडे पडू नये अशी त्याची धडपड असते. थट्टेची सूट इथे पुरती लागू होत नाही.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याची जी कसोटी आहे ती मला इथे अधिक उपयोगी वाटते. तिथे सत्याचा विचार यमांमध्ये, म्हणजे माणसाने स्वतःला घालून घेतलेल्या शिस्तीत येतो. जे पाहिले, ऐकले, अनुमानाने जाणले, तसेच मन असावे आणि तशीच वाणी असावी. आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोचावा म्हणून वाणी आहे. ती फसवणारी नसावी, भ्रमातून निघालेली नसावी आणि अर्थबोध न करणारी, वांझही नसावी. पॉप संगीताचे पाठ केलेले उत्तर पहिल्या कसोटीवर कदाचित निभावून जाईल. तिसऱ्यावर ते अडते. त्यातून परीक्षकाला व्याकरण कळते, पण माणसाविषयी काहीच कळत नाही, आणि बोलणाऱ्यालाही स्वतःविषयी काही सापडत नाही. बोलण्यामागे सांगण्यासारखे काही उरलेलेच नसते.

इमॅन्युएल कांटने १७९७ साली नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात खोटे बोलणे हा मुख्यतः स्वतःविषयीच्या कर्तव्याचा भंग मानला. दुसऱ्याचे नुकसान झाले की नाही हा त्याच्या दृष्टीने वेगळा मुद्दा. त्याच ठिकाणी त्याने काही अवघड प्रसंग वाचकापुढे ठेवले आहेत, आणि त्यांतला एक आपल्या विषयाला थेट भिडतो. एखाद्या लेखकाने विचारले, माझे पुस्तक कसे वाटले? चटकन हजरजबाबीपणे वेळ मारून नेणे प्रत्येकाला साधत नाही आणि क्षणभर अडखळले तरी लेखक दुखावतो. मग त्याला हवे ते बोलून टाकावे का? कांटने उत्तर दिलेले नाही, प्रश्न तसाच सोडला आहे. अडखळण्याची हीच धास्ती आपल्या विद्यार्थ्याला असते, कारण ओघाला गुण आहेत आणि खरी आवड सांगताना माणूस थबकतो. पण थबकण्याचे कारण एकच नसते. कधी शब्द सापडत नाही म्हणून थांबावे लागते, कधी आतली गोष्ट अजून नीट पाहिलेली नसते म्हणून. सरावाचा अमोल भाग हा दुसरा थांबा आहे, आणि तयार उत्तर नेमका तोच गिळून टाकते.

गरजेचा आधार घेणारे म्हणतील की आपल्याच परंपरेत अडचणीच्या वेळी खोट्याला मुभा आहे. महाभारताच्या आदिपर्वात थट्टेत, विवाहप्रसंगी, प्राणसंकटात, सर्वस्व जाण्याची वेळ आली असता बोललेले खोटे पातक नव्हे, अशी यादी येते. मात्र ती कोणाच्या तोंडी आहे हे पाहिले पाहिजे. ययातीने आपला स्वीकार करावा म्हणून शर्मिष्ठा ते त्याला पटवते आहे. राजा आधी सांगतो की लोक राजाकडे पाहून वागतात, त्याने खोटे बोलता कामा नये. शेवटी तो वळतो, आणि पुढे शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण ओढवून घेतो. मुभेचे वचन ग्रंथात आहे हे खरे, पण ग्रंथाने ते एका गरजवंताचा युक्तिवाद म्हणून ठेवले आहे आणि त्याचा परिणामही दाखवला आहे. व्हिसा, प्रवेश, कर्ज अशा ओझ्याखाली बसलेल्या मुलाची गरज खरी असते. ती मी हलकी मानत नाही. फक्त या प्रश्नात खरे बोलल्याने त्यातले काहीच धोक्यात येत नाही. मग संकटकाळाची सवलत मागायची तरी कशासाठी?

याहून खोलवरचा आक्षेप असा: खरी आवड म्हणून काही ठरीव वस्तू मनात असते का? आवड बदलते, संगतीने घडते. जे घडतेच आहे त्याविषयी खरे-खोटे कसे करायचे? आवड मनात तयार पडलेली नसते हे मला पूर्ण मान्य आहे. काव्यमीमांसक अभिनवगुप्ताचा सहृदय, म्हणजे खरा रसिक, जन्मतः सहृदय नसतो. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने ‘अभिनवभारती’त सांगितली आहेत आणि त्यांत आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे एक आहे. परीक्षेत बँड, म्हणजे गुणश्रेणी, किती मिळेल या चिंतेने ग्रासलेले मन गाण्याविषयी बोलते तेव्हा हेच विघ्न उभे असते. म्हणूनच आवड घडत असते यावरून माझ्या मते उलट निष्कर्ष निघतो. घरचा पत्ता चुकीचा सांगितला म्हणून घर हलत नाही. आवडीविषयी मात्र आठवड्यामागून आठवडे एकच खोटे वाक्य घोकले, की खऱ्या आवडीकडे पाहण्याची वाट बुजत जाते. शिवाय पत्ता दुसरा कोणी तपासू शकतो, आवड कोणीच नाही. सत्यासत्याच्या निवाड्यात तुकोबांनी बहुमताला बाजूला सारून आपल्या मनाची साक्ष काढली. आवडीच्या बाबतीत ती एकच साक्ष उपलब्ध असते, आणि तीच फितूर झाली तर दाद मागायला दुसरी जागा नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक धार आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. संगीतातल्या आवडीइतकी दुसरी कोणतीच गोष्ट माणसाचा वर्ग स्पष्ट करत नाही, असे समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यूने फ्रेंच समाजाविषयी १९७९ साली मांडले. आपल्याकडे वर्गाबरोबर जात आणि धर्मही उघड होतो. वामनदादा कर्डकांची भीमगीते आवडतात असे एखाद्याने क्लासमध्ये सांगितले, की त्याचे घर कोणते हे बाकीच्यांना कळते. कव्वाली म्हटले, चर्चमधले समूहगान म्हटले, नाट्यसंगीत म्हटले तरी कळते. काहींना त्या कळण्याचा त्रास होत नाही, काहींना फार होतो. अशा मुलाने पॉपच्या आडोशाला जाणे ही स्वसंरक्षणाची कृती असू शकते, आणि त्याला सत्याचे धडे देण्याचा अधिकार सुखवस्तू माणसाला नाही. पण सत्य बोलण्याचे बंधन म्हणजे सगळे सांगण्याचे बंधन नव्हे. आपल्याला आवडणाऱ्या चार गोष्टींतली कोणती सांगायची हे त्याने ठरवावे. न आवडणारी पाचवी गोष्ट त्याला आवडते म्हणून सांगावी लागू नये. आणि ज्या वर्गात भीमगीताचे नाव निघताच माना वळतात, तिथे सुधारण्याची जबाबदारी वर्गाची आणि शिकवणाऱ्याची आहे.

उरतो नवशिक्याचा आक्षेप. अभंगाविषयी खरे सांगायचे तर वारी, संप्रदाय, टाळ-मृदंग सगळे इंग्रजीत समजावावे लागेल, आणि तितकी भाषा असती तर क्लास कशाला लावला असता? इथे खरेपणा आणि सखोलता यांची गल्लत होते. संप्रदायाचा इतिहास प्रश्नात विचारलेलाच नाही. आजोबा पहाटे ही गाणी म्हणतात, मला शब्द सगळे समजत नाहीत, तरी ऐकावेसे वाटते, एवढे सांगायला शाळेतले इंग्रजी पुरते, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असतो. अभंग तिला आवडतच नसतील, घरात रोज ऐकून कंटाळा आला असेल, तर तेही तितक्याच साध्या वाक्यांत सांगता येते; घरच्या संगीतावर प्रेम असलेच पाहिजे असा सत्याचा आग्रह नाही. पाठ केलेली उत्तरे परीक्षकांना ओळखू येतात आणि ती गुणांना मारक ठरतात, हा फायद्याचा मुद्दाही आहे, पण माझा भर त्यावर नाही. उद्या ती ओळखू येईनाशी झाली तरी मी हेच म्हणेन. सराव घेणाऱ्याने प्रश्न थोडा वळवला तरी पुष्कळ साधते. कोणते संगीत आवडते याऐवजी काल काय ऐकले, मध्येच बंद का केले, पुन्हा लावावेसे वाटले का, असे विचारावे. या प्रश्नांना पाठ उत्तर चालत नाही. विद्यार्थ्याला आठवावे लागते, आणि आठवताना तो थांबला तर शिकवणाऱ्याने त्याला तेवढा वेळ द्यावा.