काट्याची साक्ष

भोपाळची चार इमली ही मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांची वसाहत. गर्द झाडी, ऐसपैस बंगले, आणि नावापुरत्या उरलेल्या चार चिंचा; त्या नेमक्या कोणत्या, हे मला कोणी दाखवू शकले नाही. गेल्या हिवाळ्यात तेथे एका वृद्ध स्नेह्यांकडे माझा मुक्काम होता. कन्या शासकीय सेवेत, आणि हे गृहस्थ निवृत्तीनंतर तिच्या बंगल्याच्या आवारात एक जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार सांभाळून आहेत. या गाडीच्या इंजिनात पाणी नसते. ते हवेने आणि तेलाने थंड राहते. साहजिकच तेलाचे तापमान सांगणारा काटा हाच तिचा मुख्य नाडीपरीक्षक.

तो काटाच बिघडला होता. गाडी थोडी चालली की तो तांबड्या पट्ट्याला जाऊन टेके. मिस्त्रीने निकाल दिला, “साहब, मीटर झूठा है, उसे देखिए ही मत.” स्नेह्यांचे समाधान झाले नाही. “खोटा असेल,” ते मला म्हणाले, “पण खोटे कोण बोलते आहे, ते तरी कळू द्या.”

मग दोन दिवस आम्ही त्या शोधात घालवले. इंजिनातील सेन्सर तापला की त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो आणि काटा चढतो. त्याची तार काढली, काटा तळाला गेला. तीच तार गाडीच्या धातूला टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे मीटर व तार शुद्ध. दोष सेन्सरात, नाही तर खरोखरच तेलात. सेन्सर काढून, तारा जोडून, उकळत्या पाण्यात धरला. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच असल्याने तेथे पाणी 100 अंशांच्या किंचित अलीकडेच उकळते. काटा मात्र तांबड्या पट्ट्यावर! मी आनंदाने म्हणालो, “चला, इंजिन निर्दोष सुटले.” त्यांनी मान हलवली. “सेन्सर खोटा ठरला. इंजिनाविषयी आपल्याला अजून काहीच ठाऊक नाही.” नवा सेन्सर यायचा होता, तोवर जुनाच बसवून त्यांनी गाडी फिरवून आणली, लांब दांडीचा तापमापक तेलात सोडला, नव्वदच्या आसपास आकडा पाहिला, आणि मगच चहा मागवला.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते, बाधक पुरावा येईतो त्यावर विश्वास ठेवावा, असे मीमांसक म्हणतात. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून पडताळावे लागते. शतकानुशतके हा वाद चालला. पण आपल्यापैकी बहुतेकजण तिसऱ्याच पंथाचे. साधन सदोष आहे हे आपण जाणतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवीत नाही. आणि विश्वास ठेवीत नाही, म्हणून पडताळूनही पाहत नाही. साक्षीदार खोटारडा निघाला की त्याची साक्ष बाद होते. आरोपी त्यामुळे निरपराध ठरत नाही. कोर्टात हे आपल्याला पटते, घरी पटत नाही.

भोपाळमध्ये बसून हा विचार केला की तो त्या गावाच्या उत्तर भागातील युनियन कार्बाइडच्या कारखान्याशी जाऊन थांबतोच. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीतील दाब दर चौरस इंचाला दोन पौंडांवरून अकराच्या सुमारास दहावर गेला. दहा हा आकडा एरवीच्या मर्यादेत बसणारा होता, हे खरे; पण तो थोड्या अवधीत पाचपट झाला होता. त्या आकड्याने कोणी दचकले नाही. तेथील काटे भरवशाचे नाहीत, हे कामगारांच्या अंगवळणी पडले होते. गळती त्यांना बहुधा कळे ती डोळे चुरचुरू लागल्यावर. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तर काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. मध्यरात्रीनंतर जे घडले त्यात हजारो माणसे गेली.

पुढे कंपनीने एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम पाणी सोडल्याचा दावा केला. 2010 साली भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. मला त्या रात्री काट्याकडे पाहून स्वस्थ राहिलेल्या माणसाचा प्रश्न अधिक छळतो. तो दोषी काय? मला तसे म्हणवत नाही. अविश्वास त्याला शिकवला गेला होता, आणि शिकवणाऱ्यांनी तो पैसे वाचवून शिकवला होता. नादुरुस्त काटा तसाच राहू देणारा एका यंत्रापुरती चूक करीत नाही. तो पाहणाऱ्याची नजर बिघडवतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत निदान ओरडणारे पोर स्वतःच्या लहरीने खोटे बोलत होते. येथे ते पोर दुसऱ्यांनीच तसे करून ठेवले होते. तरीही उठून एकदा पाहून यावे, एवढे कर्तव्य त्या माणसाकडे उरत होतेच, असेही मन म्हणते. आणि ते म्हणताना आपण चार इमलीच्या व्हरांड्यात बसून बोलत आहोत, याची लाज वाटते.

निघायच्या दिवशी मी स्नेह्यांना म्हटले, “इंजिन ठीक आहे हे तर कळले. मला स्टेशनवर तुमच्या गाडीतूनच सोडा की!”

“परवा ठीक होते,” ते म्हणाले, आणि गाडीवर ताडपत्री ओढून त्यांनी रिक्षा बोलावली.