भाताच्या केंद्रकात शिरलेला हुकूम

कल्याण-डोंबिवलीची वस्ती मागे पडली की मुरबाड, शहापूर आणि अंबरनाथ तालुक्यांत खरिपाची शेती म्हणजे मुख्यतः भातशेती, आणि या भाताला ग्रासणाऱ्या रोगांत कडा करपा या जिवाणूजन्य रोगाचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. जपानमधील फुकुओका भागातल्या शेतकऱ्यांनी तो १८८४ मध्ये प्रथम पाहिला; भारतात तो १९५१ मध्ये, ठाण्याला लागून असलेल्या तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आढळला आणि १९६३ मध्ये बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली.

आवणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले तर त्या जखमेतून, एरवी पानाच्या कडेला जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून, हा जिवाणू आत शिरतो आणि पान कडेकडून नागमोडी रेषेत पिवळे पडून वाळत जाते. ताजे रोगट पान कापून त्याचे कापलेले टोक पेलाभर स्वच्छ पाण्यात बुडवले आणि पेला उजेडाकडे धरला, तर टोकातून गढूळ, दुधी धार खाली उतरताना दिसते. ती धार म्हणजे लक्षावधी जिवाणू. ते पानाच्या जलवाहिन्यांत राहतात, जिथे पाणी मुबलक पण अन्न तुटपुंजे असते, आणि भाताच्या पेशीत ते स्वतः कधीच शिरत नाहीत. मग एवढी वाढ पोसते कशावर, या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जिथे डीएनए असतो आणि कोणते जनुक केव्हा चालू व्हायचे हे जिथे ठरते त्या ठिकाणी, सापडते.

झँथोमोनास ओरायझी हा कडा करप्याचा जिवाणू सुईसारख्या पोकळ नळीतून आपली प्रथिने थेट भाताच्या पेशीत सोडतो. त्यांपैकी ‘टॅल’ गटातील प्रथिनांवर केंद्रकात जाण्याची खूण असते, आणि पेशीची वाहतूक यंत्रणा ती खूण आपलीच समजून त्यांना आत पोहोचवते. या प्रथिनांच्या मध्यभागी साधारण ३४ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. हे तुकडे जवळजवळ सारखे असतात, फक्त प्रत्येकातील बारावे आणि तेरावे आम्ल बदलते, आणि ती जोडी डीएनएचे एकेक अक्षर ओळखते. ही संगती २००९ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे उलगडली. अशा रीतीने नेमका मजकूर शोधून प्रथिन ज्या जनुकांच्या आरंभी बसते, त्यांत साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या ‘स्वीट’ प्रथिनांची जनुके आहेत: ती भलत्या वेळी चालू होतात आणि भाताची साखर जिवाणूला मिळते.

ही जनुके काढून टाकणे हा सोपा वाटणारा उपाय भाताला परवडत नाही, कारण अशा एका जनुकाची गरज परागकणांच्या वाढीलाही असते. निसर्गात मात्र काही जातींत जनुक तसेच राहून फक्त त्याच्या आरंभीचा मजकूर थोडा बदललेला आढळतो. परक्या प्रथिनाला बसायला जागाच उरत नाही आणि रोपाचे काम अडत नाही. एक्सए-१३ ही प्रतिकारशक्ती अशी आहे. एक्सए-५ मध्ये जनुके वाचणाऱ्या भाताच्या स्वतःच्या यंत्रणेतील एका प्रथिनाचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते आणि टॅल प्रथिनांची त्यावरची पकड ढिली पडते. जिवाणूही बदलतो, दुसरे ‘स्वीट’ जनुक गाठतो, म्हणून असे अनेक बदल एकाच वाणात आणावे लागतात.

केंद्रकावर असा ताबा मिळवणे वनस्पतींच्या रोगांपुरते नाही. क्षयाच्या जिवाणूचे एक प्रथिन माणसाच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांत बदल करते आणि बचावाची काही जनुके दाबते, हे हैदराबादच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. त्याच क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. आणि तेच औषध, टेट्रासायक्लीनची जोड देऊन, स्ट्रेप्टोसायक्लीन या नावाने करप्यावर फवारले जात आले आहे. हे चुकीचे आहे. फवारा पानावर बसतो आणि जिवाणू जलवाहिनीत असतो. वर कोकणचा पाऊस तो धुऊन नेतो. कर्जत-बदलापूरकडच्या खाचरांचे पाणी ज्या उल्हास नदीला मिळते तिचेच पाणी कल्याण-डोंबिवली पिते, आणि अशा खोऱ्यात माणसाच्या उपचाराची प्रतिजैविके उघड्यावर सोडून औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसण्याचा धोका पत्करणे कोणत्याही उत्पन्नाच्या हिशेबात बसत नाही.

उपाय बियाण्यात आहे, आणि तो करून दाखवलेला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने आणि भात संशोधन संचालनालयाने सांबा मसुरीत एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५ ही प्रतिकाराची तीन जनुके केवळ संकरातून आणून तयार केलेला सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. हेच काम कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या, ठाण्या-रायगडच्या पावसात मुरलेल्या वाणांवर प्राधान्याने व्हायला हवे. असे वाण संकरित बियाण्यासारखे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाहीत. मुरबाडच्या दोन-चार खाचरांच्या शेतकऱ्यालाही ते घरच्या घरी राखून पुढच्या रोहिणीत राबात टाकता येतात.